पळाला म्हणून सांगितलं

२ फेब्रुवारी, रविवार

सोडून आलो.

सालेकशाच्या पुढे, जिथं दोन्ही बाजूंनी जंगल लागतं तिथं. भुऱ्या गाडीतून उडी मारून उतरला — खुशीत! त्याला वाटलं फिरायला आणलंय. बिस्किटाचा पुडा लांब फेकला. तो धावला, मी गाडीत बसलो. आरशात दिसत होता. तोंडात पुडा तसाच, आणि मागे पळतोय. वळण आलं तेव्हा बरं वाटलं. बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

घरी आल्यावर बाबांना सांगितलं, "खालचं गेट उघडं राहिलं. पळाला."

बाबांनी हातातला कप खाली ठेवला. चप्पल घातली नि तसेच निघाले शोधायला.

३ फेब्रुवारी

कारणं होती. रात्री भुंकायचा. वरच्या मजल्यावरचे अग्रवाल म्हणाले होते, "भाईसाब, या तो ये कुत्ता रहेगा या फिर हम." त्यांच्या पोरीच्या फ्रॉकला तोंड लावलं होतं त्यानं. चावला नव्हता. माझी बायको भूमिका म्हणाली होती, "गावात कुणाला तरी देऊन टाक." गावातल्या दोघांना विचारलं. मग कंटाळा केला. खरं कारण एवढंच.

आई गेल्यावर बाबांना सौंदडहून इथं गोंदियाला आणलं, तेव्हा त्यांची एकच अट होती. "भुऱ्या येत असन तं मी येतो." मी हो म्हणालो होतो.

७ फेब्रुवारी

बाबा रोज सकाळी भाकरीचा तुकडा खिशात घालून निघतात. एक दिवस बालाघाट रोड, एक दिवस आमगाव रोड. चहाच्या टपरीवर विचारतात — "बदामी रंगाचा, शेपटीचं टोक पांढरं, असा कोनी पायला का?" मी स्कूटरवरून जाताना दिसले. वळलो, दुसऱ्या गल्लीतून गेलो.

१५ फेब्रुवारी

खाली कुत्रा भुंकला. बाबा भरल्या ताटावरून उठून धावले. दुसऱ्याचा होता.

२६ फेब्रुवारी

शिवरात्र. बाबांनी उपास धरला. भूमिकाला म्हणाले, "तो सापडला का सोडीन." बाबा, उपास उद्या सकाळी सोडायचा असतो — एवढंही बोलता आलं नाही मला.

दूधपोळी खाणारं जनावर. दिवाळीत फटाके वाजले की बाबांच्या खाटेखाली घुसायचं. त्या जंगलात बिबट आहे, अस्वल आहे. मला हे त्या दिवशीही माहीत होतं.

बाबा हल्ली फार गप्प असतात. टीव्हीचा आवाज इतका बारीक ठेवतात की त्यांनाच ऐकू येत नसणार. कसा पळाला, कुठून पळाला — मला एकदाही विचारलं नाही. विश्वास आहे त्यांचा माझ्यावर. तेच सहन होत नाही.

२७ मार्च

जिवंत आहे!

दुपारी शोरूममध्ये काम नव्हतं. ट्रॅक्टरचा मेकॅनिक दुर्गेश मोबाइल घेऊन आला. "सर, हे पाहा, आमच्या मावशीच्या गावचं, सालेकशाकडचं." बायका मोहफुलं वेचताहेत, झाडीतून अस्वल निघतं, सगळ्या टोपल्या टाकून पळतात. आणि एक कुत्रा मात्र पुढे होतो. अंगाची नुसती काठी. अर्धा कान नाही. अस्वल पंजा उगारतं, हा मागे सरतो, पुन्हा पुढे. शेवटी अस्वलच वळतं.

"परत लाव."

शेपटीचं टोक पांढरं.

"तुमच्या ओळखीचा आहे का सर?"

"नाही रे. तसा एक पाहिला होता."

३० मार्च, रविवार

पाडवा. भूमिकाला सांगितलं, ग्राहकाकडे जातोय. दुर्गेशला गाडीत घेतलं आणि गेलो.

त्याची मावशी, धुरपताबाई, झाडाखाली वेचत होती. साठीची असेल. हात चालू, तोंडही चालू. मी कुत्र्याचं विचारलं तर म्हणाली, "तो? तो गाडीचा आवाज आयकला का पळून जाते. थांबा, येईन तो."

मग सांगत गेली. सुरुवातीला तो रस्त्यावरच बसून असायचा. पांढरी गाडी आली की मागे धावायचा. ती थांबली नाही की परत त्याच जागेवर येऊन बसायचा. भाकर टाकली तर हुंगायचा नाही. गावच्या कुत्र्यांनी फाडला, कान तेव्हाच गेला. "आमाले वाटलं, मरते आता. पन मंग एक दिवस रस्ता सोडला त्यानं." इतर कुत्र्यांच्या मागे लांब उभं राहायला शिकला. त्यांचं झालं की उरलेलं खायचं. मग भाताच्या बांधीतले उंदीर धरायला लागला. झाडाखालचा पालापाचोळा जाळतात ना, त्या कोमट राखेत रात्री झोपायला लागला. पहाटे बायका निघाल्या की पुढे चालायचा. कुणी बोलावलं नव्हतं.

"अंगाले हात लावू देत नाही अजून. कोन्या हरामखोरानं सोडलं का मालूम. असं पोसलेलं जनावर! बिस्किटाचा पुडा होता तोंडात, फोडलाही नोहता."

ती माझ्याकडेच बघत होती. आणि मी काय म्हणालो? म्हणालो, "असतात मावशी, काही माणसं असतातच तशी."

मीच म्हणालो हे!

तेवढ्यात तो झाडीतून आला. मला बघून थांबला. नाक वर केलं. शेपूट एकदा हलली — एकदाच. मी खाली बसलो. "भुऱ्या" म्हणायला तोंड उघडलं, पण दुर्गेश बाजूला उभा होता. म्हणालो नाही. भुऱ्यानं माझ्याकडे बघितलं, मग मागच्या गाडीकडे बघितलं. गुरगुरला नाही. नुसता चालत गेला आणि धुरपताबाईच्या नि माझ्या मधोमध, माझ्याकडे तोंड करून बसला.

अस्वलापुढे बसावं तसा.

परत येताना दुर्गेश एकदम म्हणाला, "सर, तुमाले पाहून त्यानं शेपूट हलवली." मी रेडिओ लावला.

३१ मार्च

बाबा आज रेल्वे लाइनच्या कडेनं पार पुढच्या गावापर्यंत गेले होते. पायाला फोड आले. मी मलम लावून दिलं. "राहू दे," म्हणाले, "तुले कामावर उशीर होऊन राहिला."

मलमाची डबी कपाटात ठेवली नि कामावर गेलो.

१० एप्रिल

भूमिकाला सगळं सांगितलं. ती भांडी घासत होती. नळ बंद केला.

"दोन महिने तो माणूस उन्हात फिरतोय आणि तू घरात बसून बघतोयस?"

मी घासलेली भांडी पुसायला घेतली.

"मी देऊन टाक म्हणाले होते. फेकून ये नाही."

"माहीत आहे."

"सांग त्यांना."

"माझ्याच्यानं होत नाही."

तिनं पदराला हात पुसले. मग म्हणाली, "तोंडानं सांगता येत नसेल तर निदान त्यांना गाडीत बसव आणि भुऱ्यापाशी नेऊन उभं कर. पुढचं ते बघतील." रात्री तिनं माझं ताट वाढून ठेवलं, पण समोर बसली नाही.

बरोबर आहे तिचं. रविवारी बाबांना नेतो. भुऱ्या त्यांच्याकडे नक्की येईल. मला काय बोलायचे ते बोलू देत. शिव्या देऊ देत, दुर्गेशसमोर, धुरपताबाईसमोर. निदान त्यांचं फिरणं तरी थांबेल.

१२ एप्रिल

उद्या. पहिल्यांदाच जरा हलकं वाटतंय.

१३ एप्रिल, रविवार

सकाळी बाबांना म्हणालो, "चला, गाडीनं सालेकशाकडे जाऊन येऊ."

ते आत गेले. बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा हातात पिशवी. दोन सदरे, धोतर, बीपीच्या गोळ्या, आईचा फोटो.

"पिशवी कायले, बाबा? संध्याकाळी परत यायचं आहे."

"भुऱ्यालेही गाडीतच नेलता ना तू. गेटवरच्या वॉचमननं दुसऱ्याच दिवशी सांगितलं मले. कुठं सोडला, तेवढंच नोहतं मालूम."

खाली वाकून त्यांनी चपला घातल्या.

"चाल. जिथं त्याले सोडला, तिथंच सोड मले."