डाव्या हाताचा ठोका

बोईसर, रविवार

तीर्थरूप आबांस,
तुमच्या भांडखोर लेकीचा दंडवत.

मी मजेत आहे. खोली हवेशीर आहे, डबा चांगला मिळतो आणि खोकला गेला. म्हणजे जवळजवळ गेला. माझं कवितांचं पुस्तक छापून आलं, पण शाळेत त्याचं कौतुक कुणाला? मुलं फक्त विचारतात, "बाई, आज संबळ वाजवनार नाय?"

आता रागावू नका. तुमचा जुना संबळ ट्रंकेतून मीच आणला. बाईनं गोंधळात संबळ धरायचा नसतो, हे तुमचं म्हणणं मी विसरले नाही. पण परवा संध्याकाळी आपल्याकडच्या एका कामगाराच्या घरी लग्नाचा गोंधळ होता आणि गोंधळ्यांची गाडी मनोरला बंद पडली. नवरदेवाची आई माझ्या दारात येऊन रडायला लागली. मग काय, गेले.

लहानपणी दाराआडून बघून शिकले होते, ते सगळं वाजवलं. इथल्या दमट हवेनं कातडं सैल पडलंय, तरी वाजला.

कोपऱ्यात आपल्या केजकडचे एक आजोबा बसले होते. त्यांना डोळ्यांनी दिसत नाही. ते म्हणाले, "ह्यो डावा हात शिवाजी गोंधळ्याचा हाय. त्याचा पोरगा का रं तू?"

मी म्हटलं, "पोरगी."

आबा, झटक्यानंतरचा व्यायाम रोज करता ना? डावा हात खांद्यापर्यंत येतो का? आई फोनवर नीट सांगत नाही. पण घाई करू नका. तोवर तुमचा हात मी वाजता ठेवते.

तुमचीच,
सुगंधा