रस शेवटी घालायचा

सानपाडा
८ नोव्हेंबर १९९८

प्रिय वहिनी,

सुयशच्या आणि तुझ्या घटस्फोटाचा कागद पाहता आता तुला वहिनी म्हणता येत नाही, हे मला माहीत आहे. दुसरं लिहून पाहिलं. नुसतं 'जाई' लिहिलं तर मीच कुणी परकी वाटायला लागले, म्हणून जुनंच ठेवलं. तुला खटकलं तर सांग. पत्ता रंजिताकडून घेतला. माझ्याबरोबर कॉलेजात होती ती; आता तुझ्याच शाळेत शिकवते, हे मला दिवाळीत कळलं. तू खांदेश्वरला एका खोलीत राहतेस आणि तिथे पाणी फक्त सकाळी येतं, एवढंच तिने सांगितलं. बाकी मी विचारलं नाही.

इकडे सगळं ठीक आहे. बाबा रिटायर झाल्यापासून सोसायटीच्या कमिटीत आहेत आणि पार्किंगवरून भांडतात. माझी महाप्याची लॅबमधली नोकरी पक्की झाली. आईचा गुडघा दुखतो, पण जिने चढणं थांबलेलं नाही. सुयशबद्दल पुढे लिहिते.

मुद्दा बिस्किटांचा आहे. डिसेंबरात आपल्याकडे कार्य आहे. पाहुण्यांना 'आपल्या घरची ईडलिंबाची बिस्किटं' द्यायची, असं आईने दिवाळीतच ठरवून टाकलं. करणार कोण, तर मी. तू देवगडहून आजीच्या हाताची ती रीत घेऊन येईपर्यंत आपल्या घरात ईडलिंबाचं फक्त लोणचं व्हायचं, याची आठवण कुणी काढली नाही. मीही नाही. करून तर बघू, म्हटलं.

रीत मला पाठ आहे, असा माझा समज होता. तू करताना मी ओट्याशी उभी राहून पाहिलं आहे. साल वरवर किसायची, खालचा पांढरा भाग आला की कडू होतं. कीस आधी साखरेत चोळायचा, साखर ओलसर पिवळी होईपर्यंत. मग तूप घालून फेटायचं, मैदा, चिमूटभर सोडा, शेवटी ईडलिंबाचा रस. मी सगळं वजन करून घेतलं, पीठ मळून डब्यात भरलं आणि गावातल्या, तू जायचीस त्याच बेकरीत नेलं. लग्नसराईमुळे घरचं पीठ भाजायला आणलेल्या बायकांची रांग होती. शहाजीशेठ गल्ल्यावरच होते. मला बघून म्हणाले, "काय गो ताई, वहिनी कुठं हाय? लय दिवस दिसली नाय." मी म्हटलं, बाहेरगावी असते. तर म्हणाले, "तिला सांग, तिचा स्टूल मी अजून कोनाला देत नाय."

बिस्किटं चपटी झाली, आणि कडक. वास होता, पण दाताखाली टणक. आई म्हणाली, "केमिकल इंजिनिअर म्हणे! त्यापेक्षा ग्लुकोजचे पुडे आणले असते." दुसऱ्या वेळी मी सोडा वाढवला. चव साबणासारखी आली. बाबांनी एक चहात बुडवून खाल्लं आणि उरलेला चहा बेसिनमध्ये ओतला.

तिसऱ्या वेळी पीठ मळायच्या आधी मला तुझी ती खोकल्याच्या औषधाची बाटली आठवली. रस भरून, झाकण घट्ट लावून तू ती पर्समध्ये ठेवायचीस. आई म्हणायची, "बेकरीत जाऊन तास न् तास बसते. घरात बसवत नाही हिला." हे वाक्य नंतर प्रत्येक भांडणात यायचं. सुयशही म्हणायचा. तू त्यावर काही बोलल्याचं मला आठवत नाही. सोडा आणि आंबट रस एकत्र आले की काम लगेच सुरू होतं, आणि ते भट्टीत व्हायला हवं. मी घरीच रस घालून रांगेत उभी राहत होते. नंबर येईपर्यंत पिठातला जोर संपलेला असायचा. तू रस न घातलेलं कोरडं पीठ नेऊन स्टुलावर बसायचीस आणि ट्रे रिकामा झाला की मगच रस घालायचीस. म्हणजे बसणं हा रीतीचाच भाग होता. लॅबमध्ये हेच कुणी चुकलं असतं तर मी लगेच ओळखलं असतं; घरात मला सुचलं नाही. तू हे आईला का सांगितलं नाहीस, असं आधी वाटलं. मग वाटलं, आई म्हणायची तेही खोटं नसेल. तुला तिथे बसायला बरंही वाटत असेल. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

या वेळी मी त्या स्टुलावर बसले. तिथून भट्टीचं दार दिसतं, समोरचा रस्ता दिसतो. आपली बिल्डिंग दिसत नाही.

बिस्किटं छान फुलली. कडा जेमतेम तांबूस, मध्ये भेग. घरी डबा उघडला तेव्हा बाबा पेपर वाचत होते. त्यांनी एक तोंडात टाकलं आणि म्हणाले, "ही जाईची आहेत." तू गेल्यापासून घरात तुझं नाव कुणी घेतलं नव्हतं. आई लगेच म्हणाली, "जाईची कसली? तूप आपलं, साखर आपली, मैदा आपला." बाबांनी दुसरं उचललं. "ते सगळं आपलं," ते म्हणाले, "बिस्किटं जाईची." सुयश तेवढ्यात बाहेरून आला. वास आल्यावर चपला न काढता तसाच गॅलरीत जाऊन उभा राहिला. डब्याला त्याने हात लावला नाही.

कार्य त्याचंच आहे. साखरपुडा, तेरा डिसेंबरला, घरीच. मुलगी नाशिकची, बँकेत आहे, बोलायला सरळ वाटली. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण मी आईला सांगितलं, ही बिस्किटं मी साखरपुड्याला करणार नाही, काजूकतली मागवा. दोन दिवसांनी आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "मोडलं ते त्या दोघांचं. तुझं त्यात काय गेलं?" मी पोळ्या भाजत राहिले. उत्तर होतं.

साखरपुड्याची बातमी तुला स्टाफरूममध्ये दुसऱ्या कुणाकडून कळू नये, हे पत्र लिहिण्याचं एक कारण. दुसरं असं की पुढच्या रविवारी मी खांदेश्वरला येते आहे. ईडलिंबं आणून ठेवली आहेत. पीठ इथून मळून आणीन, कोरडंच. घरचं पीठ भाजून देणारी बेकरी तुझ्याकडे जवळपास आहे का, ते पाहून ठेव. रस बाटलीत भरून आणते. तो तू घाल. नंबर लागायला वेळ लागेल. तेवढ्यात बोलता येईल, आणि बोलायचं नसेल तर नुसतं बसता येईल. मी यायला नको असेल तर शनिवारपर्यंत रंजिताकडे निरोप दे. निरोप दिला नाहीस, तर मी निघाले असं समज.

तुझीच,
क्षिप्रा