तीन स्पीकर आणि एक बादली

तिया पुरिंग,

नमस्कार म्हणून तुझा हात इथूनच कपाळाला टेकवते. हाँगकाँगच्या जिन्यांनी तुझे गुडघे पुन्हा धरले नसतील अशी आशा आहे. इथे सगळे बरे आहेत, मी सोडून. रागात लिहितेय, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

आधी एक आठवण करून देते. जूनमध्ये मी समोरच्या बेटावरच्या शाळेत रुजू होणार. पाच वर्षं तिथे शिकवायचं आणि लग्नाचा विषय त्यानंतर, हे मी तुला तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा तू ‘बरं बाई’ म्हणालीस आणि मी त्यावर विश्वास ठेवला. (पदवीधर असून!)

लोलो आजोबांना आंघोळीच्या वेळी गाण्याला साथ हवी, म्हणून शॉवरखाली चालणारा स्पीकर घे, आणि घ्यायचा तर प्लाझाच्या कोपऱ्यावरच्या त्याच दुकानातून, असं तू कळवलंस. वर ‘तूच निवड, घरात शिकलेली तू एकटी.’ मी इतकी फुगले की आपल्या शॉवरमधून एप्रिलपासून थेंब पडलेला नाही आणि तुझे वडील पिंपातून तांब्याने अंगावर घेतात, हे विसरूनच गेले. दोन दिवस माहितीपत्रकं वाचली, टिपणं काढली आणि गेले.

तपासणीच्या टेबलाशी रोनिलो नावाचा तरुण होता. (नाव खिशावर लिहिलेलं होतं. मी विचारलं नाही.) आता तूच सांग, आपल्याकडे साधा बल्बसुद्धा लावून बघितल्याशिवाय कोणी पिशवीत घालू देत नाही, मग पाण्यातला स्पीकर कोरडाच कसा तपासायचा? मी बादली मागितली. फरशी पुसायची होती, चालली. खोक्यावर ‘अर्धा तास पाण्याखाली’ असं छापलेलं, म्हणून प्रत्येकाला अर्धा तास, घड्याळ लावून. तो कोपरापर्यंत हात बुडवून उभा. पहिल्याला सर्दी झाली, दुसरा गाण्याच्या ऐन मध्यावर गुडगुडून गेला. गर्दी जमली, मालक आले, तेव्हा मी सगळ्यांसमोर रोनिलोला छापील शब्दाला जागण्याबद्दल चार गोष्टी सुनावल्या. तो म्हणाला, “मॅम, तुम्ही शिक्षिका का?” मी म्हटलं, जूनपासून. तर म्हणतो, “मग पोरांनी आत्तापासूनच पाढे पाठ करायला हवेत.” तिसरा टिकला. तोच घेतला.

आता आजची सकाळ. तुझे निरोप लोलो न्हाणीघराचं दार लावून, फोन कानाशी धरून ऐकतात, हे मला काय माहीत? आज डोक्याला साबण लावता लावता त्यांनी तुझा निरोप लावला आणि फोन स्पीकरला जोडलेलाच असल्यामुळे तो कानात न येता स्पीकरमधून आला. बादलीत बुडूनही न बिघडलेला आवाज, तिया! “ताताय, पोरगी गेली का दुकानात? रोनिलोला आवडली का? त्याच्या आईशी माझं बोलणं झालंय. हिला पत्ता लागू देऊ नका, नाहीतर बेटावर जाऊन बसेल.” लोलोंच्या डोळ्यांत फेस, बंद करायचं बटण सापडेना, त्यामुळे सगळं दोनदा वाजलं. भिंतीपलीकडे सुकट पसरणारी मानांग बेबिंग ओरडली, “अहो लोलो, आवडली की नाही तेवढं सांगा की!”

मी उभीच्या उभी थिजले. म्हणजे स्पीकर मी निवडत नव्हते, मला निवडत होते! तरीच त्याने दुकानाच्या गणवेशाला इस्त्री केली होती, आणि बादलीशी वाकला तेव्हा अत्तराचा वास आला होता. आणि मी त्याला दीड तास पाण्यात उभं केलं!

मी दुपारीच दुकानात जाऊन त्याला स्पष्ट सांगून आले: बेट, पाच वर्षं, लग्न नाही. तुलाही तेच सांगते. पुन्हा असं करू नकोस.

तुझी (फार दुखावलेली) भाची,
मारिडेल

ता. क. लोलो माफी मागताहेत, पण हसत.

ता. क. २. रोनिलोने सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाला की पाच वर्षं म्हणजे छापील अर्ध्या तासाहून फार नाही, आणि बेटाची होडी शनिवारी किती वाजता सुटते ते विचारलं.

ता. क. ३. बोट लागल्यावर कपाळाला चोळायचं ते तेल तिथे मिळतं ना? घरी पाठवशील त्या पुढच्या खोक्यात दोन बाटल्या घाल. मला स्वतःला बोट कधीच लागत नाही, हे तुला माहीत आहेच.