बाबांची कात्री कशानं तुटली

ता. ५ जानेवारी
ती. बाबांस,
सा. न. वि. वि.
मी वसतिगृहात मजेत आहे, मेसच्या जेवणाबद्दल न बोललेलं बरं. मटेरियल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला एक मोडकी वस्तू घेऊन ती का मोडली हे शोधायचं असतं. सरकारी विद्यापीठ, एकच मोठा सूक्ष्मदर्शक, रांग मात्र ही एवढी लांब. माझी पाळी हुकली तर वर्ष गेलंच म्हणून समजा. तुमची शिवणाच्या दुकानातली ती तुटकी मोठी कात्री पाठवा. आईनं त्या कात्रीनं तेलाच्या डब्याचं झाकण उचकटलं म्हणून पातं तुटलं, हे तुम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगता. एकदा तपासूनच घेऊ.
लोभ आहेच, तो थोडा सैलसर शिवावा.
आपली टाचणी

ता. १२ जानेवारी
चि. टाचणीस,
अ. उ. आ.
कात्री पाठवली आहे. तुझ्या सरांपुढे गंजकी वस्तू ठेवून दुकानाची अब्रू घालवू काय? पॉलिश पेपरनं चकचकीत केली, तुटलेली कड कानशीनं गुळगुळीत केली, वर तेलाचा हात. टोकाचा तुकडा पाठवत नाही, त्याचा काय उपयोग? कारण हवं तर मला विचार. ते स्वयंपाकघरात बसलं आहे. शेजारच्या इस्त्रीवाल्याला सांगितलं, मुलगी लोखंड मोडायला शिकते. तो म्हणाला, त्याला कॉलेज कशाला?
तुझे बाबा

ता. १७ जानेवारी
ती. आईस,
सा. न. वि. वि.
कात्री पाहून सर हसलेच. धातू कसा तुटला ते तुटलेल्या कडेवरच दिसतं. सर म्हणाले, "चोरी झालेल्या घरात पोलिस यायच्या आधी कुणी झाडू मारावा, तसं केलंय तुमच्या वडिलांनी." खोलीवर येऊन मी खूप रडले. पण तुटलेल्या वस्तूला दोन कडा असतात. टोकाचा तुकडा शोध. पुढच्या आठवड्यात माझी पाळी आहे. सापडला तर पदरानंसुद्धा पुसू नकोस.
तुझी टाचणी

ता. २१ जानेवारी
चि. टाचणीस,
अ. उ. आ.
शोधावा लागला नाही. चार वर्षं बोलणी खातेय, मुद्देमाल मीच जपणार ना? तेलकट चिंधीत गुंडाळून कपाटात ठेवला होता. पुसला नाही, फुंकरही मारली नाही, तसाच पाठवतेय. झाकण मी उचकटलं हे मात्र खरं. तेव्हा माझी बाजू घेऊ नकोस, दिसेल तेच लिही. दोषी ठरले तर निदान खात्रीनं ठरेन.
जेवणाची हेळसांड करू नकोस.
तुझी आई

ता. ३ फेब्रुवारी
ती. बाबांस व आईस,
सा. न. वि. वि.
प्रकल्प पास झाला! तुकड्याच्या कडेचा बहुतेक भाग गंजून काळा होता, झाकणाच्या वेळी तुटलेली शेवटची बारीक पट्टी तेवढी उजळ. म्हणजे चीर आधीपासूनच होती आणि आतल्या आत वाढत होती. झाकण फक्त निमित्त. चिरेचं कारण अहवालात लिहिलंय : वारंवार बसलेले दणके. गिऱ्हाइकानं घासाघीस केली की कात्री टेबलावर कोण आपटतं, ते लिहिलेलं नाही.
दोघांचाही लोभ असावा, एकाचा रुसवा निघाल्यावर.
आपली टाचणी

ता. ९ फेब्रुवारी
चि. टाचणीस,
अ. उ. आ.
अहवाल तुझ्या आईनं मला मोठ्यानं वाचायला लावला. मग इस्त्रीवाल्याला बोलावून पुन्हा वाचायला लावला. मी विचारलं, आता गिऱ्हाइकांना काय सांगू? ती म्हणाली, गोष्ट तीच सांगा, फक्त माझ्याऐवजी स्वतःला घाला. तुझा मात्र फार अभिमान वाटला, पोरी. काल एकानं शिलाईवरून हुज्जत घातली. नवी कात्री मी हातभर वर उचलली होती. आतून तुझी आई नुसती खाकरली.
अलगद खाली ठेवली.
तुझे बाबा