माझी भांडी गोठ्यात का?

डॅलस, १७ नोव्हेंबर २०२५

चि. वीरेंद्र यास कुमुदताईचे आशीर्वाद.

काल, रविवारी १६ नोव्हेंबरला, तुमच्याकडच्या संध्याकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी, तुझ्या बायकोने, जयवंताने, व्हिडिओ कॉलवर माझा अपमान केला. तू शेजारी बसून संत्रं सोलत होतास.

मी ठीक आहे. माझी लेक तृप्ती अंगात ताप असूनही कामावर जाते, म्हणून मी टर्कीचा खिमा, राजमा आणि टोमॅटो एकाच भांड्यात शिजवून चिली केली. टर्की म्हणजे मोठा कोंबडाच. पोरीने दोन वाट्या खाल्ल्या. आदल्या दिवशीचं वरणही त्याच भांड्यात केलं होतं, हे मी सहज जयवंताला सांगितलं.

ती म्हणाली, "वन्सं, तुमचे भांडे मी गोठ्यात ठेवून राहिली. आता घरात नाही चालत."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, तू अंगणातल्या चुलीवर वेगळ्या गंजात कोंबडा शिजवतोस आणि शुद्ध राहतोस. माझ्या लेकीकडे एकच भांडं आहे. आई गेल्यापासून मीच त्या स्वयंपाकघरात तुम्हाला जेवू घातलं.

बीपीची गोळी घेतोस ना?

माझं तिकीट दहा जानेवारीचं आहे. भांडी जागेवर परत आली का, ते तीस डिसेंबरच्या आत लेखी कळव, जयवंताच्या सहीसकट. नाहीतर मी रामाकोन्याला तुमच्या घरी न येता पांढुर्ण्यात खोली घेईन.

तुझी थोरली बहीण,
कुमुद