खालच्या टाकीचं पाणी

५ जानेवारी

नव्या घरात पाऊल ठेवलं, तर दिवाणखान्याला चौथी भिंतच नव्हती! नवरोबांनी टाकीचं माप काढलं आणि दाराचं काढायला विसरले, म्हणून भिंत पाडली. त्रेचाळिसाव्या वर्षी लग्न करून आले आणि स्वागताला काय, तर विटांचा ढीग आणि आठ माणसांनी उचलून आणलेली जाडजूड काच. मला हसू आवरेना. सासूबाईंनी विटांवरूनच हात धरून मला आत नेलं.

टाकी चार मीटर लांब, दीड मीटर रुंद, उंची माझ्या छातीपर्यंत. तिच्यात समुद्राचा एक तुकडा वसवायचा आहे: खडक, प्रवाळं, मासे. सध्या घरभर फक्त सिमेंट आहे. मी माझं शिवणयंत्र खिडकीशी लावून घेतलं. वीस वर्षं लोकांची मापं घेतली, म्हटलं आता समुद्राचंही घेऊ.

१२ जानेवारी

टाकी गळत नाही. दहा पोती मीठ विरघळवलं, माझे खांदे भरून आले आहेत.

मला एक काम मिळालं. वरची टाकी कायम काठोकाठ भरलेली असते. जास्तीचं पाणी कोपऱ्यातल्या नळीने खालच्या कपाटातल्या छोट्या टाकीत पडतं आणि पंप ते परत वर चढवतो. म्हणजे वर काहीही घातलं की फुगतं ते खालचं पाणी. रोज जेवढं आटेल तेवढं गोडं पाणी मी खाली ओतायचं. काचेवर मार्करने खूण करून ठेवली आहे.

आज नवरोबा तोंडात श्वासाची नळी धरून आत उतरले, तर खाली पाणी सहा बोटं चढलं. मग मी उतरले. पाच! माणसाचं माप असंही घेता येतं तर. सासूबाई म्हणाल्या, दोघंही दोन घास कमी खा.

२१ जानेवारी

आज खडक लावले. मागच्या शेडमध्ये तीन मोठ्या पिंपांत ते दोन वर्षं ठेवलेले होते, पंप एक दिवसही बंद नाही. ते ह्यांच्या पहिल्या बायकोच्या जुन्या टाकीतले आहेत. त्यांत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात म्हणे, दुधाला विरजण लागतं तसे नव्या पाण्याला ते लागतात. मी म्हटलं, निदान धुऊन तरी घ्या. ह्यांचा चेहरा एवढासा झाला. धुतले की मेले, म्हणाले.

पहिली कशी गेली ते सासूबाईंनी आज भाजी निवडताना सांगितलं. टाकीतल्या हीटरला तडा गेला होता. ती बदला बदला म्हणत होती आणि हे आज करतो, उद्या करतो. माशांना भरवताना तिला करंट लागला. हे घरी आले तेव्हा ती खांद्यापर्यंत हात पाण्यात घालून तशीच काठावर ओठंगलेली होती आणि मासे हाताशी जमलेले.

फार वाईट वाटलं. रागही आला. हे मला त्यांनी स्वतः सांगायला हवं होतं.

३ फेब्रुवारी

प्रवाळं उमलली! जांभळी, हिरवी, सगळी पाण्याबरोबर डुलतात. मासेही रुळले. हे माझ्या खांद्यावर हात ठेवून तासभर बघत बसले होते. इतकं सुख मला या वयात मिळेल असं वाटलं नव्हतं.

एक गंमत झाली. सकाळी अकराला पाणी ओतायला गेले, तर खालचं पाणी खुणेच्या वर चार बोटं. मला वाटलं सासूबाईंनी ओतलं. त्या म्हणाल्या, माझी कंबर बादली उचलण्याजोगी राहिली आहे का! एक वाजता पाहिलं तर पाणी पुन्हा खुणेवर.

६ फेब्रुवारी

रोज तेच. अकराला चार बोटं वर, एकला खाली. प्लंबरने सगळं उलगडून पाहिलं, काही सापडलं नाही. पाणी आपोआप चढत नसतं बाई, कोणीतरी आत उतरत असेल, असं म्हणून हसला. मीही हसले.

मी पाच बोटं, हे सहा. चार कोण?

सासूबाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं, पहिली अंगाने कशी होती. एवढीशी, म्हणाल्या, फुंकर मारली तर उडेल अशी.

९ फेब्रुवारी

अकरा वाजता टाकीसमोर बसले. प्रवाळं डावीकडून मिटायला लागली, ओळीने, एकेक करत उजवीकडे. कोणी वरून हात फिरवत नेल्यासारखी. मासे कोपऱ्यात जमले, तोंडं वर करून. टाकीला लावलेल्या शिडीवर कोणी नव्हतं.

 

११ फेब्रुवारी

ह्यांना सांगितलं. हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. ती रोज अकराला माशांना भरवायची, एवढंच म्हणाले. म्हणजे ह्यांना ठाऊक होतं. मला भीती वाटत नाही, उलट बरं वाटतं, असंही म्हणाले.

ते लागलं मला. सवत जिवंत असती तर चार शब्द भांडले तरी असते. सांगून टाकलं, घरात एकतर ते खडक राहतील नाहीतर मी.

१३ फेब्रुवारी

हे रडले. मग म्हणाले, तू हवीस मला. परवा स्वतःच्या हाताने खडक काढतो.

पण आज एक वाजून गेला. पाणी उतरलं नाही. तीन वाजले — पाच — चार बोटं वरच. ती आता जात नाही.

ह्यांना म्हटलं, राहू द्या, उतरू नका. ऐकेनात. या वेळी आज-उद्या करणार नाही म्हणाले.

१५ फेब्रुवारी, दुपार

उतरले. मी कपाटाशी बसले आहे. वर बघवत नाही.

सहा बोटं चढलं. आधीची चार. एकूण दहा.

प्रवाळं सगळी मिटली — एकदम —

पाणी हलतंय. मग नाही.

शिडी वाजली. आले बाहेर. देवा, आले. खडक न काढताच आले. राहू देत म्हणाले, छान दिसतात.

पाणी उतरलं.

चार बोटं.

पुन्हा मोजलं. चारच. खुणेच्या वर अजून सहा —

वीस वर्षांत माझं माप चुकलेलं नाही.

नंतर

टॉवेल गुंडाळून समोर बसला आहे. चेहरा ह्यांचा. आवाज ह्यांचा. सासूबाई चहा देऊन गेल्या, त्यांना काही — काहीच कळलं नाही. माशांना भरवायला उठला. मासे धावत आले.

काचेला आतून काहीतरी टेकलं आहे. दिसत नाही. पण तिथली प्रवाळं दबली आहेत, रुंद — ह्यांच्या पाठीएवढी —

मीच उतरवलं. मीच म्हटलं, खडक नाहीतर मी.

किती वेळ झाला? नळी तोंडात असेल तर अजून — असेलच — असली पाहिजे —

मी उतरते. हात सापडला की ओढायचं. ओढलं की सहा बोटं उतरेल पाणी. उतरलंच पाहिजे.

वही इथे ठेवते. शिडी अजून लावलेली आहे. तो तिच्याशी जाऊन उभा राहिला आहे. सावकाश ये, म्हणतो. दोन्ही हातांनी शिडी धरली आहे, माझ्यासाठी, आणि