काठ ओढला की फाटतो

७ ऑगस्ट ९७, गुरुवार

सुशे, वही भरली की ती तुझ्याकडे बेळगावला येणार. तुला वाचता येतं पण लक्षात राहत नाही, मला अक्षर येत नाही पण सगळं लक्षात. मागच्या खेपेला माझ्याच मुलाचं नाव मला विचारलंस. दिनकर. इथे मल्लेश्वरमला मी त्याच्याकडेच असते. लिहून घेणारी त्याची बायको, मंगल.

आमच्या वसूने, नातीने, ऑफिस सोडलं हेही विसरली असशील. आता घरी कॉम्प्युटरवर साडीचे काठ काढते. आनेकलचे साडीवाले मुनिअण्णा बुधवारी बघायला येणार. पसंत पडलं तर त्यांच्या सगळ्या मागांची डिझाइनं हिच्याकडे. नाही तर दिनूने बँकेच्या परीक्षेचा फॉर्म आणून टेबलावर ठेवलाच आहे. वर पेपरवेट, उडून जाऊ नये म्हणून.

आणि आज पडद्यावर काठ फाटला. वसू माऊसने तो इकडून तिकडे नेते, मागे रंगाच्या चिंध्या राहतात. वरच्या कोपऱ्यात जांभळा डाग. वसू म्हणाली, "लिनक्सचा ड्रायव्हर बिघडलाय आज्जी." ड्रायव्हर म्हणजे पडद्यावर चित्र कसं उमटवायचं ते आतून सांगणारा. ती रडकुंडीला आलेली. मला मात्र, देवाशपथ, मजा वाटली. आपल्या आप्पांच्या हातमागावरून साडी उतरली की खोट शोधायला मलाच बसवायचे. आठवतं का? नसेल.

८ ऑगस्ट, नागपंचमी

आज चिरणं नाही, तवा नाही. दिंडं उकडली.

वसू सकाळपासून कसल्याशा फाइलीतल्या ओळी कापत बसलेली. एक कापायची, बघायचं, दुसरी कापायची. पहिली काय होती ते मग आठवायचं नाही. तुझ्यावर गेलीय. म्हटलं, "आज सणाचं काही कापायचं नाही."

"अगं आज्जी, ती भाजी आहे का?"

"नसू दे. उद्या काप."

तर म्हणाली, बरं, कापत नाही, ओळीच्या पुढे खूण करते, म्हणजे मशीन ती ओळ सोडून देतं. मग खुणा करत गेली. दुपारी स्वतःच म्हणाली, हेच बरं, परत मागे येता येतं. मी चेहरा तेवढा केला.

जांभळ्या डागाचं कारण सापडलं. माझा रेडिओ. सकाळची भक्तिगीतं ऐकायला मी तो पडद्याच्या डोक्यावर ठेवत होते. त्यात लोहचुंबक असतं म्हणे. रेडिओ उचलला, मशीन बंद करून चालू केलं, डाग गेला. दिनू म्हणाला, "म्हणजे सगळं आईनेच केलं." मी म्हटलं, डाग माझा. चिंध्या माझ्या नाहीत.

चिंध्या तशाच आहेत. दोष दोन होते, आम्ही एक समजत होतो.

९ ऑगस्ट

वसूने मैत्रिणीकडून पडद्याच्या आकड्यांचा कागद आणला. तिचं मशीन छान चालतं म्हणून तेच आकडे आपल्यात घातले. पडद्याने शिट्टी दिली. कुकरची नव्हे, बारीक, दातात शिरणारी. वसूने झटकन बटण बंद केलं. थोडा वेळ तसंच राहिलं असतं तर पडदा जळला असता. मैत्रिणीचा पडदा वेगळा, त्याचे आकडे वेगळे.

म्हटलं, दुसरीच्या मापाचं झंपर घालायला गेलीस. उसवलं नाही हे नशीब.

हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा. दिनूने येता-जाता फॉर्मवरची धूळ पुसली. धूळ नव्हती.

१० ऑगस्ट, रविवार

मंगल, हे नीट लिही, गाळू नकोस.

आज खुर्ची ओढून समोर बसले. अक्षरं येत नाहीत ते बरंच झालं. वसू पडद्यावरचं वाचत बसते, मी नुसती बघते. म्हटलं, काठ ओढ. ओढला. फाटला. म्हटलं, आता तो बंद कर, आणि दुसऱ्या जागी नवा मांड. मांडला. स्वच्छ. परत ओढ. फाटला. परत मांड. स्वच्छ. पाच वेळा करायला लावलं. दिनू पेपर खाली ठेवून बघायला आला.

"वसे, ओढलं की फाटतं, मांडलं की नीट. तुझ्या कारागिराला काढता येतं. सरकवता येत नाही."

वसूचा हात जोरात टेबलावर. "आज्जी, हलवताना आतलं चित्र काढणारं कार्ड नवं काढतच नाही. पडद्यावरचा तुकडा उचलून पुढे चिकटवतं. तिथेच चुकतंय." मग भराभर काय काय वाचलं आणि एकच ओळ घातली. तिचा अर्थ एवढाच, की उचलू नकोस, दर वेळी नव्याने काढ.

पडदा काळा. मग करडा, अगदी बारीक विणीचा. मग काठ. म्हटलं, ओढ गं.

ओढला. एक धागा मागे राहिला नाही.

मंगलने माझा मुका घेतला. हे ती लिहायचं नाही म्हणते. लिही.

१२ ऑगस्ट

नवी चिंता. काठ आता स्वच्छ जातो, पण गोगलगायीसारखा. वसू म्हणते, कार्डाची मदत बंद केली, सगळं ओझं मशीनवर. दिनू म्हणतो, गिऱ्हाईक एवढं थांबत नाही. मी म्हटलं, मागावर बसलेला माणूस थांबतो.

म्हटलं खरं. झोप नाही.

१३ ऑगस्ट, बुधवार

मुनिअण्णा आले. आनेकलहून बसने, घामाघूम. पाणी प्यायले आणि थेट पडद्यासमोर. "अक्का, तो मोर स्वल्प वर घ्या." वसूने घेतला. मोर निघाला, सावकाश. अण्णा घड्याळाकडे नाही, मोराकडे बघत होते. मग माऊस स्वतःच्या हातात घेतला आणि काठ अर्धा तास फिरवला. फाटला नाही. शेवटी म्हणाले, "सरी." सरी म्हणजे हो की बरं, ते त्यांच्या तोंडावरून कळेना.

जाताना सांगितलं, काठ पसंत करते त्यांची आई. शुक्रवारी, बावीसला, तिला घेऊन येतो.

वसूला नवा ड्रायव्हर मिळायचाय, उचलूनही न फाडणारा. तोवर हाच. फॉर्म टेबलावर आहे, शेवटची तारीख पंचवीस. दिनूने पेपरवेट काढून घेतलंय. त्याचं काय समजायचं ते तूच समज.

वही भरली, उद्या टपालात पडेल. म्हातारीला एकही दात नाही, अण्णांनी आधीच सांगून ठेवलंय. तेव्हा सुशे, ते चिवट करदंट पाठवशील तर बघ. मऊ कुंदा पाठव, अर्धा किलो, ताजा, वीस तारखेच्या रात्रीच्या गाडीने. आणि पाठवलास की नाही ते आठवेना, तर परत पाठव.